दरसाल दरहजारी



मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हा चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा." माझी बरीच वर्षे प्राथमिक शाळेत गणित आणि इतिहास शिकविण्यात गेली. राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास थोरामोठ्यांनी लिहून ठेवला आहे, त्यात मी काय भर घालणार? पण घरोघरच्या पाळण्यांचाही एक इतिहास असतो आणि तो फारसा कोणी लिहीत नाही. किती मुले जन्मली, किती जगली, किती गेली, हे मोजावयास माणूस कसा शिकला आणि त्या मोजणीतून पुढे काय घडले, एवढेच प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. विषय आकड्यांचा आहे खरा, परंतु आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरात तो घडून गेलेला आहे.

प्रथम माझ्याच घरची गोष्ट सांगते.

१९९१ च्या फेब्रुवारीत खानेसुमारीचे काम आम्हा शिक्षकांकडे आले. माझ्या वाट्याच्या घरांत आमचेही घर होते. प्रत्येक विवाहित स्त्रीला दोन प्रश्न विचारावयाचे होते : आजवर जिवंत जन्मलेली मुले किती, आणि त्यांपैकी आज हयात किती? दिवसभर दारोदार फिरून संध्याकाळी मी घरच्या चिठ्ठ्या भरावयास बसले. सासूबाईंना मी काही विचारलेच नाही. पाच जन्मलेली, पाच हयात, असे मनानेच लिहून टाकले. माझे दीर-नणंदा मला ठाऊक नाहीत असे थोडेच होते!

रात्री कंदील बारीक करताना सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर सगळ्याईले इचारत होतीस. मले नाही इचारलं."

मी म्हटले, "आत्याबाई, तुमचे मला ठाऊक आहे. पाच लिहिले."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणखी दोन होते. एक पाचव्या रात्री गेला, एक दहाव्या दिवशी. बारसंबी नाही झालं त्याईचं. त्याईलेबी लिहा लागते काय वं?"

मी त्या घरात कितीतरी वर्षे नांदले होते. त्या दोघांविषयी एक शब्द कधी माझ्या कानावर आला नव्हता. मी चिठ्ठी पुन्हा काढली, पाचाचा आकडा खोडून सात लिहिले. सासूबाईंना अक्षर वाचता येत नव्हते, पण मी खोडताना आणि लिहिताना त्या वाकून पाहत होत्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या बाईच्या घरात मी राहते तिच्याच बाबतीत माझा आकडा चुकला, तर दिवसभरात भरलेल्या इतर चिठ्ठ्यांत किती चुका राहिल्या असतील? आणि असल्या चिठ्ठ्यांची बेरीज करूनच तर पुढे देशाचे आकडे तयार होतात!

आता हे आकडे तयार कसे होतात ते पाहू. आपण शाळेत व्याजाची उदाहरणे केली आहेत. त्यात 'द. सा. द. शे.' असे लिहिलेले असे. दर साल, दर शेकडा. सावकाराने 'व्याज बारा रुपये' एवढेच सांगितले, तर शहाणी बाई लगेच विचारील : बारा रुपये कशावर? शंभरावर की हजारावर? आणि किती मुदतीत? महिन्यात की वर्षात? हे दोन प्रश्न विचारल्यावाचून 'बारा' या आकड्याला काही अर्थ नाही. जन्ममृत्यूचे दर अगदी याच जातीचे आहेत, फक्त शेकड्याच्या जागी हजार येतात. 'अमुक गावात सहा मुले दगावली' हे ऐकून मन हळहळते, परंतु ते गाव मोठे की लहान, सहा मुले एका वर्षात गेली की दहा वर्षांत, हे कळेपर्यंत त्या गावाची स्थिती बरी की वाईट हे ठरविता येत नाही. वर अंश, खाली छेद, आणि सोबत मुदत, अशी तीन अंगे जुळली म्हणजे दर होतो. अर्भकमृत्यूचा दर म्हणजे एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे, पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वी किती गेली तो आकडा.

अशी मोजणी करण्याची कल्पना फार जुनी नाही. लंडन शहरात प्लेगच्या भीतीने दर आठवड्याला मृतांच्या याद्या निघत. १६६२ साली जॉन ग्राँट नावाच्या एका व्यापाऱ्याने अशा पुष्कळ वर्षांच्या याद्या समोर ठेवून एक पुस्तक लिहिले. हा गृहस्थ वैद्य नव्हता, सुया-फिती-बटणे अशा मालाचा दुकानदार होता. जमाखर्चाची सवय असलेल्या त्याच्या नजरेला दिसले की, जन्मलेल्या शंभरांपैकी सुमारे ३६ मुले सहा वर्षांची होण्यापूर्वीच जातात. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्या याद्यांचा मूळ मजकूर गोळा करीत असत गरीब, वयस्क स्त्रिया. कोणाच्या घरी माणूस गेले की त्या जाऊन प्रेत पाहत, कारण विचारीत आणि चर्चच्या कारकुनाला सांगत. पुस्तकावर नाव दुकानदाराचे आले, पण उंबरठे झिजविले ते बायकांनी!

पुढे दोनशे वर्षांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल झाली. हातात दिवा घेऊन जखमी शिपायांची शुश्रूषा करणारी म्हणून आपण तिला ओळखतो. परंतु तिचे दुसरे मोठे साधन म्हणजे आकडे. लढाई नसताना, स्वदेशी बराकीत राहणारे धडधाकट शिपाई त्याच वयाच्या इतर नागरिकांच्या जवळपास दुप्पट दराने मरतात, हे तिने दाखवून दिले. 'त्याच वयाच्या' या शब्दांत सारी मेख आहे. तरुणांचा दर म्हाताऱ्यांच्या दराशी ताडून पाहिला तर तरुणांची बराक सुरक्षितच वाटणार! तुलना सारख्याशी सारख्याची केली तरच दर खरे बोलतो. हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याचा मृत्युदर दरसाल दरहजारी ६९ होता. नाइटिंगेलबाईंनी पाणी, मोऱ्या, गर्दी यांविषयी सरकारच्या मागे तगादा लावला. स्वतः त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. १८७० नंतरच्या काही वर्षांतच तो दर १८ वर आला. पलटणीतील माणसे मोजणे सोपे होते, कारण हजेरीपट रोज भरला जाई. छेद तयार होता. खेड्यातल्या बाळंतिणीचा हजेरीपट कोण ठेवणार?

आपल्या मुलखाकडे वळू. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १८६७ साली वऱ्हाडात पहिली खानेसुमारी झाली. आपला पुसदकडील भाग तेव्हा वाशीम जिल्ह्यात असे, तो १९०५ साली यवतमाळला जोडला गेला. गावोगाव जन्ममृत्यू लिहिण्याची रीत पडली. विदर्भात या जुन्या वहीला आजही लोक 'कोतवाल-बुक' म्हणतात, आणि जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधीत कचेरीच्या खेपा घालतात. तुमच्यापैकी काहींनी त्या खेपा घातल्या असतील. त्या नकलांत पुष्कळदा बाळाचे नावच नसते, 'अमक्यास मुलगा', 'अमक्यास मुलगी' एवढाच मजकूर असतो.

या वह्यांची मोठी परीक्षा १९१८ साली झाली. त्या वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. आपले वृद्ध तिला 'मानमोडी' म्हणत. देशात ज्या प्रांतांना तिची झळ फार बसली त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. मरणे इतकी झाली की लिहिणारेच आजारी पडले. शेवटी १९२१ ची खानेसुमारी झाली तेव्हा त्या विध्वंसाचा अंदाज आला : आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या १९११ साली २५ कोटी २१ लाख होती, ती दहा वर्षांनी वाढण्याऐवजी २५ कोटी १३ लाख भरली. म्हणजे वहीने जे सांगितले नाही ते माणसे मोजल्यावर कळले.

साथीच्या वर्षी नोंद चुकली हे समजू शकते. पण साथ नसतानाही तान्ह्या मुलांची नोंद का सुटत असे? याचे कारण आपल्या चालीरीतींत आहे. मूल जन्मले की पाचवीला सटवाई पुजावयाची, बाराव्या दिवशी नाव ठेवावयाचे. तोपर्यंत ते जणू पाहुणेच. नाव नाही, दात नाही, म्हणून दहन नाही, पुरून येत. सुतकही थोडक्यात आटोपे. चारचौघांत त्याची वाच्यता करावयाची नाही, आईने रडावयाचेही बेताने. अशा मुलाची खबर घेऊन कोतवालाकडे कोण जाणार? शिवाय पहिले बाळंतपण माहेरी. मूल जन्मले माहेरच्या गावी, गेले सासरच्या गावी. तेव्हा छेद एका वहीत आणि अंश दुसऱ्या वहीत, किंवा कोठेच नाही. ऊसतोडीला किंवा इतर कामाला बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची हीच कथा.

याचा परिणाम काय होतो ते लहानशा गणिताने पाहू. समजा, एका गावी वर्षात १०० मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी ६ वर्षाच्या आत गेली. दर झाला हजारी ६०. आता त्या सहांपैकी चौघांची जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदी राहून गेल्या. वहीत राहिले ९६ जन्म व २ मृत्यू. दर झाला हजारी २१! वही पाहणारा साहेब म्हणेल, "वा, हे गाव तर उत्तम आहे, येथे दवाखान्याची घाई नाही." आणि शेजारच्या गावी, जेथे एखाद्या दक्ष बाईने सहाच्या सहा लिहविले, ते गाव वाईट ठरेल. तात्पर्य, दर कमी दिसला की लगेच आनंद मानू नये. तो मुले वाचल्यामुळे कमी झाला की मुले न लिहिल्यामुळे, हे आधी विचारावे.

हाच प्रश्न आपल्या विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने धरून ठेवला. १९८६ च्या सुमारास त्यांनी तेथे 'सर्च' ही संस्था उभी केली. गावोगाव घरे धरून मोजल्यावर १९८८ साली त्यांना आढळले की दर हजार जिवंत जन्मांमागे १२१ बालके पहिल्या वर्षातच जातात. त्यांत न्यूमोनियाने जाणारी पुष्कळ होती. न्यूमोनिया ओळखण्याचे एक साधे लक्षण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांच्या आतील मुलाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक, आणि पुढे वर्षापर्यंतच्या मुलाचे ५० वा अधिक झाले, तर धोका समजावा. पाहा, हाही एक दरच आहे : दर मिनिटाला किती! परंतु गावच्या सुईणींना साठापर्यंत मोजता येत नसे. तेव्हा तेथे एक साधन तयार झाले. एका मिनिटात वाळू खाली पडेल असे वाळूचे घड्याळ, आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. निरक्षर बाईच्या हाती मोजमाप आले ते असे.

मग औषध देऊन खरोखर उपयोग झाला की आपोआपच मरणे कमी झाली, हे कसे ठरवावे? त्यासाठी ५८ गावांत हा उपचार सुरू केला आणि तेथल्यासारखीच ४४ गावे तुलनेसाठी ठेवली. एका वर्षानंतर पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने गेलेली मुले उपचाराच्या गावांत ८.१ आणि दुसऱ्या गावांत १७.५ भरली. ही हकीकत १९९० साली प्रसिद्ध झाली.

तरीही पहिल्या महिन्यातली मरणे राहिलीच होती. माझ्या सासूबाईंची दोन्ही मुले याच महिन्यात गेलेली. १९९५ पासून ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी बाळंतिणीच्या घरी जावयाचे, बाळाला तोलावयाचे, ऊब कशी द्यावी हे शिकवावयाचे, अंगात विष भिनल्याची लक्षणे दिसली तर औषध द्यावयाचे. मोजणीही दुहेरी ठेवली : गावात राहणाऱ्या कार्यकर्त्याने जन्ममृत्यू लिहावयाचे, आणि दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून त्याचा पडताळा घ्यावयाचा. आरंभी दोन्ही बाजूंच्या गावांत पहिल्या महिन्यातील मृत्युदर हजारी साठाच्या आसपास होता. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत तो २५.५ झाला, तुलनेच्या ४७ गावांत ५९.६ च राहिला. १९९९ साली हे आकडे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे २०११ पासून देशभरच्या आशा सेविकांना घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याचे काम देण्यात आले. आपल्या गल्लीत आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, त्यामागे ही सारी हकीकत आहे. सटवाईच्या रात्रीच्या दोन्ही बाजूंना आता आशाताईची एकेक खेप पडते, असे म्हटले तरी चालेल.

त्याच संस्थेच्या आणखी एका कामाचा उल्लेख स्त्रियांच्या स्मरणिकेत केलाच पाहिजे. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की शंभरांत ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या अवघ्या ८ होत्या. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. रांजणात आज पाणी किती आहे हे एक माप, आणि रांजणात दर तासाला नवे पाणी किती पडते हे दुसरे माप. 'आज शंभरांत किती जणींना आजार आहे' हे पहिल्या जातीचे. 'वर्षभरात हजारांत किती जणींना तो नव्याने झाला' हे दुसऱ्या जातीचे. आजार बरा न करता अंगावर काढला, तर नवे रोगी थोडे असूनही रांजण भरलेलाच राहतो. ९२ हा आकडा बायकांच्या सहनशीलतेचा रांजण होता.

छेद बदलला की दर कसा बदलतो, हे आपण २०२० साली कोरोनातही पाहिले. एका बातमीत शंभर बाधितांमागे किती दगावले ते असे, दुसरीत दहा लाख लोकसंख्येमागे किती ते असे, आणि दोहोंनाही मृत्युदरच म्हणत. पहिला आकडा रोग जडलेल्या माणसाला किती धोका ते सांगतो, दुसरा साऱ्या गावावर किती आघात झाला ते सांगतो. त्यातही तपासण्या थोड्या झाल्या तर बाधित थोडे सापडतात आणि पहिला दर विनाकारण फुगतो.

आज स्थिती पुष्कळ सुधारली आहे. २०२० सालचा अर्भकमृत्यूचा दर देशात हजारी २८ आणि महाराष्ट्रात १६ होता. बाळंतपणात व त्यानंतर जाणाऱ्या माता दर लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. २०१८ ते २०२० या काळात तो आकडा देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होता. हे दर केवळ गावच्या वह्यांवरून काढीत नाहीत. निवडक गावांत व वस्त्यांत नोंद ठेवून आणि सहामाही पडताळा घेऊन ते काढले जातात. मात्र राज्याचा आकडा म्हणजे सरासरी. त्यात मुंबईही आली आणि डोंगरातला तांडाही आला. तसेच एका गावाचा एका वर्षाचा दर पाहून घाबरू नये व फुशारूही नये. वर्षात ५० जन्म होत असतील, तर एका मृत्यूने दर २० होतो आणि तीन मृत्यूंनी ६० होतो. लहान गावाची चार-पाच वर्षे एकत्र धरून पाहावे, म्हणजे खरी चाल कळते.

आता आपल्या मंडळाने काय करावे? फार मोठे काही नाही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म वा मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत विनाशुल्क नोंदविता येते. आपल्या आळीत बाळ जन्मले तर नोंद झाली का, हे हळदीकुंकवाच्या वेळी सहज विचारावे. लेक माहेरी बाळंत झाली तर कागद सासरी नेण्याची आठवण करावी. आणि एखाद्या घरी बाळ गेले, तर सांत्वनाला जाऊन, योग्य वेळ पाहून, त्याचीही नोंद करण्यास सुचवावे. हे बोलणे अवघड आहे, मला ठाऊक आहे. पुरुष कर्मचाऱ्यापाशी जी गोष्ट आईच्या तोंडून निघत नाही, ती शेजारणीपाशी निघते. म्हणून हे काम आपलेच आहे.

सासूबाई आता नाहीत. चिठ्ठी खोडून सात लिहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटविताना त्यांनी मला त्या दोघांचा वर्ण कसा होता, कोणावर गेले होते, ते सांगितले. तोवर ते त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. आमच्या घरी मुलांची संख्या विचारली की मी आजही सात सांगते.